विजेचे वजन

वसईच्या किनाऱ्यावर भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा या गावांच्या पश्चिमेस ओहोटीच्या वेळी जी रुंद पुळण उघडी पडते, तिच्यावर हिवाळ्यातील सकाळी वारा मंद असतो. दुपार कलू लागली म्हणजे तोच वारा समुद्रावरून बळ धरून सुरूच्या बनांत शिरतो. आणि जून महिन्यात पाऊस एकदा बसला म्हणजे पुढील चार महिने येथील आकाश छोट्या विमानांस जवळजवळ बंद होते. विजेवर चालणारे प्रतिकृती-विमान ज्याला या मुलखात उडवावयाचे आहे, त्याने बॅटरी निवडताना हे आठ महिने आणि ते चार महिने, दोन्ही हिशेबात घेतले पाहिजेत. बाजारात मात्र चर्चा होते ती केवळ उड्डाणाच्या दहा मिनिटांची: कोणता सेल किती प्रवाह देतो, कोणता किती हलका आहे, कोणता किती वेळ पुरतो. या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळतात आणि ती चुकीची नसतात. परंतु ती अपुरी का पडतात हे समजण्यासाठी या व्यवसायाचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे. तो इतिहास वसईत घडलेला नाही. तो पॅरिसच्या एका उद्यानात सुरू झाला, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका आणि जपान या देशांतून फिरला, आणि अखेर ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जाणाऱ्या आमच्या विरार लोकलच्या प्रवाशांच्या पिशवीतून येथवर पोहोचला. त्यातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. छोट्या विमानांसाठी म्हणून बॅटरीचे रसायन आजवर कोणीही शोधलेले नाही. प्रत्येक पिढीतील छांदिष्टांनी ते दुसऱ्या कोणाच्या गरजेतून उसने घेतले, आणि उसनवारीबरोबर मूळ मालकाच्या गरजेचे गुणदोषही पत्करले.

शक्ती साठवून ती उड्डाणात खर्च करण्याचा पहिला यशस्वी मार्ग रबराचा होता. १८ ऑगस्ट १८७१ रोजी आल्फाँस पेनो या तरुण फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या त्यूलेरी उद्यानात पीळ दिलेल्या रबराच्या बळावर एक चिमुकले विमान अकरा सेकंद उडवून दाखविले, आणि स्वतःचा तोल स्वतः राखणारे यंत्र आकाशात राहू शकते हा दाखला त्याने पुढील संशोधकांच्या हाती दिला. विजेची पाळी तेरा वर्षांनी आली. ९ ऑगस्ट १८८४ रोजी शार्ल रेनार आणि आर्तूर क्रेब्स या दोन लष्करी अधिकाऱ्यांचे ‘ला फ्रान्स’ हे हवाई जहाज सुमारे आठ किलोमीटरांचा फेरा तेवीस मिनिटांत पुरा करून निघाल्या ठिकाणी परत उतरले. स्वतःच्या शक्तीने जाऊन परत आलेले ते पहिले हवाई वाहन होते, आणि त्याची मोटर विजेची होती. परंतु त्या साडेआठ अश्वशक्तीच्या मोटरीस वीज पुरविणारी बॅटरी एकटीच ४३५ किलोग्रॅम वजनाची होती. हायड्रोजनने भरलेला प्रचंड फुगा तो भार उचलू शकला. पंखांवर तोलले जाणारे विमान तो कधीही उचलू शकले नसते. विजेच्या उड्डाणाचा पुढील सव्वाशे वर्षांचा सारा झगडा या एका आकड्यात सामावलेला आहे. (गिरगावच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये विमान उडविल्याची कथा मराठी वाचकांस प्रिय आहे हे मी जाणतो, परंतु तिला विश्वसनीय समकालीन पुराव्याचा आधार नाही, म्हणून ती मी येथे आदराने बाजूला ठेवतो.)

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रतिकृती-विमानांचे आकाश इंजिनांच्या ताब्यात होते. मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि वंगण म्हणून एरंडेल अशा मिश्रणावर चालणारी ती इवलीशी इंजिने कर्कश आवाज करीत, हात तेलकट करीत आणि पहाटेच्या दमट हवेत सुरू होण्यास बोटांची परीक्षा पाहत; तरीही त्यांना पर्याय नव्हता, आणि याचे कारण साध्या अंकगणितात आहे. एक किलोग्रॅम मिथेनॉलमध्ये सुमारे साडेपाच हजार वॉट-तास ऊर्जा असते; त्या काळच्या शिसे-आम्ल बॅटरीच्या एका किलोग्रॅममध्ये ती जेमतेम तीस-चाळीस वॉट-तास असे. इंजिन त्या ऊर्जेपैकी नव्वद टक्के उष्णता व धूर यांत उधळून टाकीत असले, तरी उरलेला दशांशसुद्धा बॅटरीला लाजविणारा होता.

या परिस्थितीत ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ नावाचे रेडिओ-नियंत्रित विमान विजेच्या मोटरीवर उडविले, ही या छंदाच्या दप्तरातील पहिली मोठी नोंद होय. त्यांनी वापरलेल्या बॅटऱ्या चांदी आणि जस्त यांच्या होत्या. वजनाच्या मानाने त्या काळी त्यांच्याइतकी वीज दुसरी कोणतीही बॅटरी देत नसे. परंतु त्या महाग होत्या, थोड्याच आवर्तनांत निकामी होत, आणि त्यांची उत्पत्ती पाणतीरांसारख्या लष्करी साधनांसाठी झालेली होती, ज्या साधनांना एकदाच आणि थोडाच वेळ चालावयाचे असते. उसनवारीची ही परंपरा येथूनच स्पष्ट दिसू लागते. जर्मनीत फ्रेड मिलिट्की या अभियंत्याने निराळी वाट धरली. मोठी शक्ती मिळत नसेल तर अल्प शक्तीत उडेल असे विमान करावे, या विचाराने त्यांनी ग्राउप्नर कंपनीसाठी ‘सिलेंटियस’ हे अत्यंत हलके, मुक्तपणे तरंगणारे विजेचे विमान १९६० मध्ये बाजारात आणले. हाच ध्यास पुढे त्यांना माणूस वाहून नेणाऱ्या यंत्रापर्यंत घेऊन गेला: २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातील वेल्स येथे हाइनो ब्रडिच्का यांनी मिलिट्कींच्या योजनेप्रमाणे रूपांतरित केलेले एक मोटर-ग्लायडर केवळ निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या बळावर काही मिनिटे उडविले. छंदाच्या मेजावर सुरू झालेला विचार मनुष्यवाहक विमानापर्यंत पोहोचल्याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. अमेरिकेत बुशे बंधूंनी विजेच्या मोटरी छांदिष्टांच्या हाती दिल्या, आणि ४ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील एका कोरड्या सरोवराच्या तळावरून त्यांचे ‘सनराइज’ हे विमान ४,०९६ सौर घटांच्या विजेवर आकाशात चढले.

निकेल-कॅडमियमची राजवट त्यानंतर पाव शतक चालली. हे सेल मुळात बिनतारी ड्रिल आणि तत्सम हत्यारांसाठी तयार होत. म्हणून ते मोठा प्रवाह देत, धक्के सोसत, आणि निष्काळजी मालकालाही सांभाळून घेत. त्यांचा दोष वजनाचा होता. सात सेलांचा नेहमीचा संच सुमारे ३८५ ग्रॅम भरे आणि त्यात चौदा वॉट-तासांच्या आसपास वीज मावे. मोटर पूर्ण वेगाने चालविल्यास चार-पाच मिनिटांत उतरण्याची वेळ येई. विजेचे विमान म्हणजे इंजिनाच्या विमानाचे दुबळे भावंड, हा समज त्या काळात रूढ झाला आणि तो निराधार नव्हता.

लिथियमचा इतिहास सत्तरच्या दशकातील तेलटंचाईपासून सुरू होतो. एक्सॉन या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड आणि लिथियम धातू यांची पुनर्भरणीय बॅटरी सिद्ध केली. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र वापरून सेलचा विद्युतदाब चार व्होल्टपर्यंत नेला. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी ऋणाग्रातून लिथियम धातू काढून टाकून त्याच्या जागी कार्बन घातला, आणि सेल प्रथमच घरात ठेवण्याजोगा झाला. या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले. योशिनोंच्या फेरफाराचे मोल किती होते हे कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीच्या कैफियतीवरून कळते. त्या कंपनीने लिथियम धातूचेच सेल बाजारात आणले होते. जपानमधील मोबाइल टेलिफोनांत त्यांना आगी लागल्या, १९८९ मध्ये माल परत मागवावा लागला आणि कंपनी डबघाईस आली. वारंवार चार्ज केल्याने लिथियम धातूच्या पृष्ठभागावर सुईसारखे कोंब फुटतात आणि ते पडदा भेदून दुसऱ्या अग्रास भिडतात, ही बाब त्या आगींनी साऱ्या जगाच्या ध्यानी आणून दिली. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, सोनी कंपनीने कार्बन आणि कोबाल्ट यांचा लिथियम-आयन सेल आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी विक्रीस काढला.

छोट्या विमानांकडे लिथियम वळले ते नव्या शतकाच्या आरंभी, आणि तेही मोबाइल फोनच्या मार्गाने. फोन चपटा व हलका हवा म्हणून सेलचे पोलादी डबे जाऊन त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची मऊ पाकिटे आली. याच पाकिटबंद सेलांना छांदिष्ट आज ‘लिपो’ म्हणतात. आतील रसायन बव्हंशी लिथियम-आयनचेच आहे. डब्याचे वजन गेले, अग्रांची पृष्ठभूमी वाढली, प्रवाह वाढला, आणि शेन्झेनच्या कारखान्यांनी पुढे खास विमानांसाठी प्रवाहक्षम संच बांधण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास मोटरीतही क्रांती झाली. संगणकाच्या सीडी-ड्राइव्हमधील बारीक ब्रशलेस मोटर काढून, तिच्यावर हाताने नवी तार गुंडाळून, जोरदार चुंबक बसवून तिचे विमानाच्या मोटरीत रूपांतर करण्याचा उद्योग जगभरच्या छांदिष्टांनी आरंभिला. टाकाऊ यंत्रातून काढलेल्या त्या मोटरींनी पूर्वीच्या ब्रशवाल्या मोटरींची सद्दी संपविली. हलकी बॅटरी आणि कार्यक्षम मोटर यांचा हा संयोग घडला नसता तर आज ज्याला ड्रोन म्हणतात ते यंत्र जन्मास येतेच ना. या संयोगाचे मराठी मुलखातील ठळक फलित म्हणजे मुंबईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये स्थापलेली आयडियाफोर्ज ही कंपनी. तिचा आरंभ मोबाइल चार्ज करण्याच्या हातयंत्रापासून झाला. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात उडताना दिसणारे चार पंख्यांचे यंत्र तिनेच पुरविले होते. आणि आज नवी मुंबईतील महापे येथून ती सैन्यास विजेवर उडणारी टेहळणी विमाने देते.

लिपोने जे दिले त्याचे मूल्य मी कमी लेखू इच्छित नाही. उभ्या रेषेत आकाशात चढणारी, शेपटीवर तरंगणारी, आवाजाचा त्रास न देता इंजिनाला मागे टाकणारी विमाने त्यानेच शक्य केली. परंतु कोबाल्टच्या अग्राचा एक स्वभाव त्याच्याबरोबर आला. सेल फार तापला, अधिक चार्ज झाला किंवा आपटून आतला पडदा फाटला, तर हे अग्र विघटन पावून स्वतःच प्राणवायू सोडते. सेलमधील द्रव ज्वालाग्राही असतो. आणि इंधन व प्राणवायू एकाच पाकिटात बंद असल्यामुळे लागलेली आग बाहेरची हवा तोडून विझत नाही. त्याआधीची पायरी म्हणजे बॅटरी फुगणे. फुगलेला संच म्हणजे आत वायू धरू लागल्याची उघड सूचना आहे, आणि तो पुन्हा चार्ज करणे हा अक्षम्य प्रमाद होय.

या दोषावरचा उपाय १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात होता. टेक्सास विद्यापीठातून निघालेल्या त्या निबंधावर गुडइनफ यांच्या आधी ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. त्यांनी कोबाल्टच्या जागी लोहाचे फॉस्फेट योजले. फॉस्फेटमध्ये फॉस्फरस आणि प्राणवायू यांचे बंध इतके घट्ट असतात की सेल तापला तरी प्राणवायू सहजासहजी सुटत नाही. लोह स्वस्त आहे, विपुल आहे, विषारी नाही. अडचण ही होती की हे संयुग वीज नीट वाहत नसे. अमेरिकेत २००१ मध्ये स्थापन झालेल्या ए१२३ या कंपनीने त्याचे कण अतिसूक्ष्म करून ती अडचण दूर केली, आणि तिचे सेल डीवॉल्ट कंपनीच्या छत्तीस व्होल्टांच्या ड्रिलांत बसू लागले. पुढील हकीकत या छंदाच्या परंपरेस साजेशीच आहे: विमानवाल्यांनी ड्रिलच्या बॅटऱ्या विकत घेतल्या, त्या फोडल्या, आतील दहा-दहा सेल बाहेर काढले आणि आपल्या विमानांत जोडले. त्या सेलांनी पंधरा मिनिटांत चार्ज होऊन दाखविले, हजाराहून अधिक आवर्तने पुरविली, आणि आपटल्यावरही ते सहसा पेटले नाहीत. मूळ कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. रसायन मात्र टिकले, आणि आज विजेच्या मोटारी, रिक्षा व घरगुती इन्व्हर्टर यांत ते सर्रास दिसते.

तिसरा पर्याय म्हणजे गोल, पोलादी कवचाचा लिथियम-आयन सेल. लॅपटॉपच्या काळात तो ऊर्जेने श्रीमंत आणि प्रवाहाने कृपण होता, म्हणून विमानवाल्यांनी त्यास दूर ठेवले. विजेच्या मोटारींनी आणि नव्या हत्यारांनी त्याच्याकडून मोठा प्रवाह मागितला तेव्हा तो बदलला. आज दीर्घ उड्डाणासाठी जो सेल छांदिष्ट आवडीने घेतात, २१ मिलिमीटर व्यासाचा, ७० मिलिमीटर उंचीचा, ४.२ अँपिअर-तासांचा आणि ४५ अँपिअरपर्यंत प्रवाह देणारा, तो मोलिसेल या नावाने तैवानची जी कंपनी करते, ती १९८९ च्या आगींत होरपळलेल्या त्या कॅनडियन मोलीचीच वारसदार आहे. ज्या घराण्याला आगीने धडा शिकविला त्याच घराण्याचा सेल आज भरवशाचा मानला जातो, हे मला या इतिहासातील विशेष समाधानाचे प्रकरण वाटते.

आता प्रत्यक्ष जमाखर्च पाहू. सुमारे एक किलोग्रॅमच्या शिकाऊ विमानास जो लिपो संच सहसा लावतात, तो तीन सेलांचा, २.२ अँपिअर-तासांचा, ११.१ व्होल्टांचा, वजनाने १८० ते १९० ग्रॅम असतो. त्यात २४ वॉट-तास वीज असते. ए१२३ च्या प्रकारचे लोह-फॉस्फेटचे तीन सेल २१० ग्रॅम भरतात आणि त्यांत २३ वॉट-तास मावतात. म्हणजे वजनाची तफावत वीस-तीस ग्रॅमची आहे, ऐकीव माहितीत सांगतात तेवढी ती भयंकर नाही. खरी अडचण विद्युतदाबाची आहे. लोह-फॉस्फेटचा सेल ३.३ व्होल्टांचा असल्याने तीन सेल ९.९ व्होल्टच देतात आणि मोटर मंदावते. त्यासाठी एकतर किंचित मोठा पंखा लावावा, किंवा चौथा सेल घालून २८० ग्रॅमचे वजन पत्करावे. गोल लिथियम-आयनचे तीन सेल त्याच २१० ग्रॅमांत ४५ वॉट-तास साठवितात, जवळजवळ दुप्पट. परंतु पंधरा-वीस अँपिअरांपलीकडे दीर्घकाळ ताणल्यास त्यांचा दाब खाली बसतो आणि सेल तापतात. यावरून जी विभागणी निघते ती अशी की हवेत कोलांट्या घेणाऱ्या, क्षणात मोठा प्रवाह मागणाऱ्या विमानास लिपोवाचून गत्यंतर नाही. पंख पसरून तासभर तरंगणाऱ्या ग्लायडरास गोल सेल शोभतो. आणि शिकाऊ विमान, शाळा-महाविद्यालयांचे प्रयोग, तसेच इंजिनाच्या मोठ्या विमानांतील रेडिओची वीज, येथे लोह-फॉस्फेटची योग्यता मला निःसंशय वाटते.

तिन्हींची शिस्त निराळी आहे आणि ती एकमेकांत मिसळणे धोक्याचे आहे. लिपो आणि गोल लिथियम-आयन हे सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज होतात, लोह-फॉस्फेट ३.६ ला थांबले पाहिजे, म्हणून चार्जरवर योग्य प्रकार निवडल्यावाचून तार जोडू नये. लिपो ३.३ व्होल्टच्या खाली नेऊ नये; गोल सेल २.८ पर्यंत बिनघोर उतरतो, म्हणून लिपोसाठी बसविलेली ईएससीची (मोटरीच्या वेगनियंत्रकाची) मर्यादा त्याला लावल्यास बरीच वीज वापरल्यावाचून राहते. लोह-फॉस्फेटचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ सपाट राहून शेवटी एकाएकी कोसळतो. त्यामुळे व्होल्टमापकावर विसंबणाऱ्याचे विमान समुद्रावर असतानाच शक्ती संपण्याचा संभव असतो. तेथे घड्याळ लावून उडवावे.

येथवर जे सांगितले ते जगात कोठेही लागू आहे. वसईचे म्हणून जे आहे ते चार महिन्यांच्या पावसाळ्यापासून सुरू होते. मे महिन्याच्या अखेरीस “पुढच्या रविवारी उडवू” म्हणून पूर्ण चार्ज करून ठेवलेला लिपो पावसाने गाठल्यामुळे तसाच कपाटात पडतो, आणि उष्ण हवेत पूर्ण दाबाखाली राहिलेले कोबाल्टचे अग्र आतल्या आत झिजत जाते. ऑक्टोबरात कपाट उघडल्यावर फुगलेली पाकिटे निघतात ती यामुळे. पाऊस बसण्यापूर्वी लिपोचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टांच्या आसपास आणून ठेवणे, ही आमच्या मुलखात विमानाची आगोटी समजली पाहिजे. लोह-फॉस्फेट या बाबतीत फार क्षमाशील आहे. त्याची परदेशी निंदा होते ती कडाक्याच्या थंडीत ते मंदावते म्हणून. परंतु ज्या गावात पौषातल्या पहाटेलाही एका शालीने भागते, तेथे हा दोष विचारात घेण्याचे कारण नाही. उलट उष्णता, जी आमच्याकडे वर्षातील बहुतेक दिवस असते, ती लिपोस सर्वांत अधिक बाधते. त्यात खाऱ्या वाऱ्याची भर: किनाऱ्यावरून आल्यावर जोडण्या कोरड्या फडक्याने पुसल्या नाहीत तर तांब्यावर हिरवट थर धरतो, विरोध वाढतो, आणि भर प्रवाहात तीच जोडणी तापते. जुलै २०१८ च्या पुरात वसई-नालासोपाऱ्याच्या तळमजल्यांत पाणी शिरले ते ज्यांना आठवते, त्यांना बॅटरी उंच फळीवर ठेवण्याचे कारण सांगावे लागू नये.

याहून गंभीर बाब वस्तीची आहे. परदेशी पुस्तकांतून बॅटरी गॅरेजमध्ये, काँक्रीटच्या फरशीवर, माणसांपासून दूर चार्ज करण्याचा सल्ला दिलेला असतो. नालासोपारा किंवा वसई पूर्वेच्या एका खोलीच्या घरात गॅरेज कोठून आणावे? तेथे चार्जर आणि अंथरूण यांच्यात दोन हातांचे अंतर असते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतच रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. ती बॅटरी विमानाची नव्हती, तिचा आकार कितीतरी मोठा होता. परंतु झोपलेले घर आणि चालू चार्जर हा प्रसंग तोच आहे. त्या बालकाच्या मृत्यूनंतर या गावात बॅटरीविषयी लिहिणाऱ्याने केवळ वॉट-तासांचा हिशेब मांडून थांबणे मला शोभणारे वाटत नाही. लहान घरात राहणाऱ्या, नुकत्याच शिकू लागलेल्या मुलामुलींच्या हाती पहिली बॅटरी द्यावयाची असेल तर ती लोह-फॉस्फेटची द्यावी, तिच्यामुळे विमान थोडे मंद उडाले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. लिपो ज्याला हवाच आहे त्याने तो जागेपणी, डोळ्यांसमोर, मातीच्या कुंडीत किंवा लोखंडी डब्यात ठेवून चार्ज करावा, आणि आपटलेला संच त्या दिवशी घरात आणूच नये. विरार लोकलच्या गर्दीतून सेल नेताना त्यांची टोके चिकटपट्टीने झाकलेली असावीत. पिशवीतील एखादी किल्ली दोन टोकांना जोडण्यास पुरते.

कायद्याची हद्दही थोडक्यात सांगितली पाहिजे. पूर्वी विमानतळाभोवतीचा ४५ किलोमीटरांचा टापू निर्बंधात मोडत असे आणि मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरांवर असलेली वसई त्यात सहज सापडे. ऑगस्ट २०२१ पासून अंमलात आलेल्या ड्रोन नियमांनी ती हद्द १२ किलोमीटरांवर आणली. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास, आणि व्यापारी उपयोग नसल्यास दोन किलोग्रॅमपर्यंतच्या यंत्रासही, चालक-परवान्याची अट राहिली नाही. बॅटरीच्या निवडीचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो, कारण वजनाची वर्गवारी बॅटरीसकट होते. तथापि उडविण्यापूर्वी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरील नकाशा पाहणे आणि स्थानिक पोलिसांचा मनाईहुकूम लागू नाही याची खातरजमा करणे ही जबाबदारी उडविणाऱ्याचीच आहे. विमानप्रवासात सुटे सेल सामानकक्षात देता येत नाहीत, हातातील पिशवीतच न्यावे लागतात, आणि शंभर वॉट-तासांपर्यंतच्या संचास सामान्यतः मुभा असते. वर सांगितलेले तिन्ही संच त्या मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत.

राहता राहिली मृत बॅटरीची विल्हेवाट. निकेल-कॅडमियमच्या काळात तिचा विचार कोणी केला नाही आणि ते विष जमिनीत गेले. आज २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अस्तित्वात आहेत आणि निकामी सेल परत घेऊन त्यांतील धातू पुन्हा मिळविण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकलेले आहे. परंतु फुगलेला लिपो ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाकला गेला तर तो गोखिवऱ्याच्या त्या कचराभूमीत पोहोचतो, जेथे आगी लागण्याचे प्रकार आधीच वारंवार घडत आले आहेत. म्हणून संच निकामी ठरला म्हणजे लहान दिवा जोडून त्यातील वीज सावकाश, उघड्यावर, पूर्णपणे उतरवावी, टोके झाकावीत, आणि इ-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात तो हाती द्यावा. त्यात कोबाल्ट आहे, तांबे आहे, लिथियम आहे. या धातूंपैकी पुष्कळसा ऐवज आपण आजही परदेशातून विकत आणतो.